ग्रीकची वही: ‘किती वेळ राहिला?’ आता तोंडात बसतंय

आधुनिक ग्रीकच्या अभ्यासात गेले काही आठवडे मी एकाच गोष्टीच्या मागे लागलेय, ती म्हणजे उरलेला वेळ. बोट सुटायला किती अवकाश आहे, भट्टीतलं ताट बाहेर काढायला किती मिनिटं आहेत, सणाला किती दिवस राहिले. ‘किती वाजले?’ सगळीच पुस्तकं पहिल्या काही धड्यांत शिकवून टाकतात. ‘किती राहिले?’ मात्र चार धड्यांत विखुरलेलं असतं, म्हणून जमलं तेवढं इथे एकत्र मांडते. (लिप्यंतरातले थ, फ, ख घासून म्हणायचे. द म्हणताना जिभेचं टोक दातांत धरायचं, ‘पेंदे’तला द मात्र आपला साधाच.)

मुख्य क्रियापद मेनो. ‘मेनो स्तिन आथिना’ म्हणजे मी अथेन्सला राहते, आणि ‘मेनुन देका लेप्ता’ म्हणजे दहा मिनिटं राहिलीत. आपलं ‘राहणं’ हीच दोन्ही कामं करतं, त्यामुळे वाक्याचा सांगाडा आपल्याला फुकटात मिळतो. जे उरलंय तोच कर्ता. एक तास असेल तर ‘मेनी मीआ ओरा’, दोन असतील तर ‘मेनुन द्यो ओरेस’. ज्याच्याकडे उरलंय तो क्रियापदाआधी छोट्या सर्वनामात बसतो: ‘मास मेनुन देका लेप्ता’, आमची दहा मिनिटं राहिलीत. ‘एखुमे आकोमा देका लेप्ता’, म्हणजे आमच्याकडे अजून दहा मिनिटं आहेत, हेही सर्रास चालतं. पण मला मेनो आधी सुचतं आणि ते तसंच राहू द्यावं असं वाटतं.

खरी मजा भूतकाळी रूपात आहे. ‘मास एमिनान पेंदे लेप्ता.’ रूप भूतकाळाचं, मिनिटं मात्र अजून हातात आहेत. आपणही ‘पाचच मिनिटं राहिली’ म्हणतो तेव्हा ती पाच मिनिटं संपलेली नसतात. माझ्या कानाला दोन्हींत एक फरक जाणवतो. ‘मेनुन’ म्हणणारा घड्याळाकडे बघत असतो, आणि ‘एमिनान’ म्हणणाऱ्याचं लक्ष किती वेळ खर्ची पडला याकडे असतं.

लिंगाच्या बाबतीतही आपण सुखी आहोत, कारण तीन लिंगं लहानपणापासून अंगवळणी पडलेली आहेत. ‘लेप्तो’ म्हणजे मिनिट, तिकडेही नपुंसकलिंगी. ‘मीनास’ महिन्यासारखाच पुल्लिंगी. वर्ष एकवचनात पुल्लिंगी (एनास ख्रोनोस) असलं तरी अनेकवचनात नपुंसकलिंगी होतं (त्रीआ ख्रोन्या). ध्यानात ठेवायचे ते तीनच: तास, दिवस आणि आठवडा. आपल्याकडे तिन्ही पुल्लिंगी, ग्रीकमध्ये ओरा, मेरा, एव्दोमादा या तिन्ही स्त्रीलिंगी. याचा परिणाम आकड्यांवर होतो. दोन, पाच, दहा बदलत नाहीत, पण एक, तीन, चार बदलतात: त्रीस ओरेस, पण त्रीआ लेप्ता, तेसेरिस मेरेस, पण तेसेरा ख्रोन्या. प्रश्नातला ‘किती’सुद्धा लिंग-वचन बघूनच येतो: पोसी ओरा, पोसेस मेरेस, पोसा लेप्ता. दीडसुद्धा सुटत नाही. म्यामिसी ओरा, एनामिसिस मीनास, एनामिसी लेप्तो. अडीचला, म्हणजे ‘द्योमिसी’ला मात्र एकच रूप पुरतं, एवढी दया आहे.

घड्याळाचं ‘पारा’ एका ओळीत संपतं. ‘त्रीस पारा देका’ म्हणजे तीनला दहा कमी.

स्वयंपाकघरात क्रियापद बदलतं. ‘तो फायितो थेली आकोमा देका लेप्ता’, शब्दशः बघितलं तर जेवणाला अजून दहा मिनिटं हवी आहेत. ‘थेलो’ म्हणजे हवं असणं. ‘आकोमा’ऐवजी ‘आला देका लेप्ता’ म्हटलं की ‘आणखी दहा’. हेच थेली बसलाही चालतं, प्रवासालाही.

आता माझं सगळ्यात लाडकं क्रियापद: प्रोलावेनो. वेळेत गाठणं, सवड मिळणं, वेळ पुरणं, सगळं यात येतं. पिरेअसच्या बंदरावर उभे आहात, बोट सुटायची आहे, भूकही लागलीय. ‘प्रोलावेनुमे ना फामे?’ म्हणजे आपलं जेवून होईल का? उत्तर येतं, ‘देन प्रोलावेनुमे.’ नाही व्हायचं. ‘ना’नंतर रूप बहुधा पूर्ण क्रियेचं लागतं: ना फामे, ना फीगुमे, ना तेलिओसुमे. थेट कर्मही घेतं: ‘प्रोलावेनुमे तो प्लीओ?’, बोट सापडेल का? दिवस संपल्यावरची तक्रारही त्याचीच: ‘देन प्रोलावा ना फाओ’, जेवायला सवडच मिळाली नाही. भविष्यात ते आखडून ‘था प्रोलावुमे’ होतं आणि आघात ‘ला’वर येतो. वर्तमानात तो ‘वे’वर असतो. हे मोठ्यानं म्हणून घोटल्याशिवाय बसत नाही. भांडी घासताना म्हणा, बसतं.

छोट्या शब्दांपैकी तीन वेगळे ठेवा. ‘से मीआ ओरा’ म्हणजे तासानं, ‘मेसा से मीआ ओरा’ म्हणजे तासाच्या आत, आणि ‘एदो के मीआ ओरा’ म्हणजे गेला तासभर. शेवटचा मागे बघतो, पुढचा वेळ सांगायला तो वापरायचा नाही. अंदाजपंचे बोलायचं तर ‘से काम्या ओरा’, एखाद्या तासात. पाव तासासाठी ‘से कानेना तेतार्तो’. आपल्या ‘एखादा’सारखंच तेही लिंगाप्रमाणे बदलतं. आणि ‘ओपू नाने एर्खेते’ म्हणजे येईलच एवढ्यात. माझ्या थेस्सालोनिकीच्या ऑनलाइन शिक्षिकांचा सल्ला असा की हे ऐकल्यावर खुर्ची शोधावी.

सरावासाठी मला सगळ्यात उपयोगी पडली ती ‘किरा साराकोस्ती’. ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात ग्रीक घरांत कागदाची किंवा मिठाच्या कणकेची एक बाई करायची जुनी रीत आहे. तिला तोंड नसतं, कारण उपास. हात प्रार्थनेसाठी जुळवलेले. आणि पाय सात. दर शनिवारी एक पाय कापायचा, शेवटचा ईस्टरच्या आदल्या दिवशी. तो पाय सुक्या अंजिरात लपवायचा आणि ज्याला सापडेल तो नशीबवान, अशीही काही ठिकाणी पद्धत. 2026 मध्ये उपास 23 फेब्रुवारीच्या सोमवारी सुरू होतो आणि ग्रीकांचा ऑर्थोडॉक्स ईस्टर 12 एप्रिलला येतो. मधले शनिवार मोजा, बरोबर सात भरतात. मी वहीत तिचं चित्र काढून पाय खोडत गेले आणि दर वेळी वाक्य बदललं: ‘पोसा पोद्या तिस मेनुन?’ (तिचे किती पाय राहिलेत?), ‘तिस मेनुन त्रीआ पोद्या’ (तीन राहिलेत), ‘तिस एमिने एना पोदी’ (एकच राहिला). अनेकवचन, एकवचन, सर्वनाम, दोन्ही काळ, सगळं एका बाईत घोटून होतं. शिवाय ‘पोसेस मेरेस मेनुन मेख्री तो पास्खा?’, ईस्टरला किती दिवस राहिले, हा प्रश्न आपसूक जोडता येतो.

सध्या ग्रीक बास्केटबॉलचं समालोचन ऐकतेय, कारण शेवटच्या मिनिटात ‘आपोमेनुन’ (मेनोचंच जरा औपचारिक भावंड) सारखं कानावर पडतं. ‘आपोमेनुन दोदेका देफ्तेरोलेप्ता’, बारा सेकंद उरलेत. क्रियापद पकडता येतं, आकडा मात्र सुसाट निघून जातो. म्हणून पुढची नोंद आकड्यांवर, त्यातही दोनशेच्या पुढच्यांवर. दिआकोस्या लेप्ता आणि दिआकोसिएस मेरेस, तिथे पुन्हा लिंग आडवं येतंच.