बूट नवा, तरी ग्रीस बाहेर

मागच्या डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, रबरी बूट (ग्रीस आत राखणारं घडीदार आवरण) नुकताच बदललेला होता, तरीही गाडीखाली काळं ग्रीस उडत होतं. लांबचा प्रवास झाला की जळका वास येतो, ही गिऱ्हाइकाची मुख्य तक्रार. आधीच्या मेकॅनिकने शेवटी सांगून टाकलं होतं की जॉइंट (शाफ्टला कोनात वळूनही फिरू देणारा भाग) गेला, अख्खा शाफ्ट बदला. निदान दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं म्हणून ते माझ्याकडे आले होते.

गाडी लिफ्टवर घेतली. डिफरन्शियलकडच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीकडच्या, जॉइंटच्या अगदी समोर, फ्लोअरवर आणि सस्पेन्शनच्या आर्मवर ग्रीसचा पट्टाच उमटला होता. काही शिंतोडे सायलेन्सरच्या पाइपवर पडून करपले होते. वास तिथलाच. ताशी 100 किलोमीटर वेगात चाक, आणि त्याच्यासोबत हा शाफ्ट, सेकंदाला सुमारे 14 वेळा फिरतो. एवढ्या वेगात बारीकशी फट असली तरी ग्रीस बाहेर फेकलं जातं.

बुटाची प्रत्येक घडी बोटांनी उघडून पाहिली. एकही चीर नव्हती, क्लिपही घट्ट होती. खाली मात्र पातळ तेलाचा थेंब लोंबत होता. माझ्या हाताखालचा मुलगा लगेच म्हणाला, "दादा, डिफरन्शियलचं ऑईल सील गेलंय." तसं वाटणं साहजिक होतं. पण गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. हा थेंब तसा नव्हता. बोटांत चोळला तर मोली ग्रीसचा (जॉइंटमध्ये भरतात ते मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस) करडा-काळा डाग राहिला. ग्रीस खूप तापलं की त्यातलं तेल सुटून वेगळं होतं, आणि तेच ओघळून डिफरन्शियलच्या कडेला जमलं होतं. त्याला वास घ्यायला लावला, शेजारी गिअर ऑईलचा डबाही उघडून दिला.

मग सगळा भाग धुऊन कोरडा केला, वर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि एक फेरी मारून आलो. ही पायरी मी कधीच टाळत नाही. ग्रीस सगळीकडे पसरलं की कुठून निघालं ते डोळ्यांना कळत नाही, पावडरवर मात्र पहिली ओली रेघ स्पष्ट उठते. इथे ती रबरापाशी नव्हती. बुटाची पत्र्याची कॉलर जॉइंटच्या तोंडावर बसते, त्या सांध्यातून रेघ निघाली होती.

बोल्ट सहा. त्यातले काही पान्हा लावताच सहज फिरले. कॉलर काढून सपाट काचेवर ठेवली तर एका बाजूने डुगडुगत होती. कडेवर ठोकल्याच्या खुणा होत्या. रबर नवं घातलं होतं, पत्रा जुनाच वाकडा परत बसवला होता. आत ग्रीसही ठासून भरलेलं. तापल्यावर ते फुगणार, दाब वाढणार आणि सगळ्यात कमजोर जागेतून बाहेर येणार.

आता खरा प्रश्न जॉइंटचा होता. उघडण्याआधी आतल्या-बाहेरच्या रेसवर (बॉल ज्यांच्या खाचांत फिरतात त्या कड्या) आणि केजवर (बॉल जागी धरणारा पिंजरा) खुणा केल्या, कारण सहाही बॉल आपापल्या खाचेतच परत जायला हवेत. सगळं धुऊन प्रकाशात धरलं. खाचांत खड्डे नव्हते, बॉल निळे पडले नव्हते, केजला तडा नव्हता. इतका चांगला जॉइंट भंगारात जाणार होता, याचा मला मनापासून राग आला.

नवा बूट कॉलरसकट आणला, नवी सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी कडी), नवे बोल्ट. ग्रीस पाकिटावर दिलं होतं तेवढंच, थोडं जॉइंटमध्ये दाबून, उरलेलं बुटात. जॉइंटचं तोंड आणि कॉलर पूर्ण तेलविरहित करून सीलंटचा पातळ थर दिला. बोल्टची भोकंही पुसून काढली. आटे तेलकट राहिले की टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पान्हा) योग्य आकडा दाखवतो, पण प्रत्यक्ष ताण वेगळाच बसतो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळले. छोटी क्लिप लावण्याआधी बुटाची कड जरा उचलून आतली हवा सोडली, नाहीतर घड्या फुगून किंवा आत ओढल्या जाऊन रबर लवकर फाटतं.

करपलेलं ग्रीस सायलेन्सरवरून खरवडायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला असेल. पण ते ठेवून चाललं नसतं. वास येतच राहिला असता आणि गिऱ्हाइकाला वाटलं असतं की गळती तशीच आहे.

थोडे दिवस गाडी चालवून झाल्यावर त्यांना परत बोलावलं. सांधा कोरडा, बोल्ट जागच्या जागी. उजव्या बाजूचाही जॉइंट उघडून घेऊया का, असं त्यांनी विचारलं. तिथे पावडर टाकून आधीच पाहिलं होतं. रेघ नव्हती, बोल्टही घट्ट होते. म्हणून नको म्हटलं.