उन्हाळ्यात सेन्सर आंधळा का होतो?

डिसेंबरात पहिल्या पायरीवर पाय पडताच लागणारा जिन्याचा दिवा मे महिन्यात चार पायऱ्या चढल्यावर लागतो. सेन्सर बिघडलेला नसतो. अशा दिव्यातल्या पीआयआर (उष्णता टिपणाऱ्या) सेन्सरला माणूस कळत नाही, त्याला अंग आणि मागची भिंत यांच्या उष्णतेतला फरक कळतो. कातडी असते 33-34 अंशांची. सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की पश्चिमेची भिंत दिवे लागणीनंतरही अंगाइतकीच तापलेली असते. मग फरक उरतो कुठे?

सेन्सिटिव्हिटीची खुंटी पिळून फार फायदा होत नाही, वर पडदा हलला तरी दिवा लागायला लागतो. जागा बदला. सेन्सरपुढून आडवं जाणारं माणूस त्याला लगेच दिसतं, थेट अंगावर चालत येणारं उशिरा. म्हणून बोळाच्या टोकाला समोरासमोर लावू नका. बाजूच्या भिंतीवर सात-आठ फूट उंचीवर लावा, आणि त्याची नजर उन्हाच्या भिंतीकडे नको, आतल्या भिंतीकडे हवी. कूलरचा झोत तोंडावर येऊ देऊ नका.

दुसरा प्रकार मायक्रोवेव्ह सेन्सरचा, तो लहरी सोडून हालचाल टिपतो. त्याला उन्हाळ्याचा त्रास नाही, पण त्याला लाकडी दारापलीकडचंही दिसतं. फिरता पंखा तर त्याला माणूसच वाटतो. पंखा नसलेल्या संडासात तो उत्तम, कारण बसलेल्या माणसाची बारीक हालचालही पकडतो. तिथे पीआयआर असेल तर दिवा चालू राहायची वेळ पाच मिनिटं ठेवा, नाहीतर अंधारात हात हलवत बसावं लागतं. जिन्याला एक मिनिट पुरे.

जुन्या घरांत खरी अडचण वायरिंगची. नुसत्या बटणांच्या बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल (करंट परतायची वायर) नसते. दोन वायरींचा सेन्सर स्वतःचा करंट बल्बमधूनच ओढतो, त्यामुळे पाच वॉटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो. होल्डरपाशी न्यूट्रल असते; तीन वायरींचा सेन्सर तिथेच जोडा. मात्र बोर्डावरच्या बटणातून होल्डरला फेज येते, ते बटण कायम चालू ठेवावं लागतं. काम करताना बटणावर विसंबू नका, मेन बोर्डातला एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा.

किती अंधारात दिवा लागावा हे ठरवणारी लक्सची खुंटी दुपारी लावू नका. आधी ती चंद्राच्या खुणेवर ठेवा. संध्याकाळी दिवा हवासा वाटेल त्या क्षणी, समोर कुणाला तरी हालचाल करायला सांगून, दिवा लागेपर्यंत हळूहळू सूर्याकडे फिरवा. दिव्याचा उजेड सेन्सरवर पडत असेल तर काही सेन्सर दिवस समजून दिवा विझवतात, अंधार झाला की पुन्हा लावतात, आणि हा खेळ रात्रभर चालतो.

लाइट जाऊन आली की बऱ्याच सेन्सरांचा दिवा आपोआप मिनिटभर लागतो. सेन्सर तेवढा वेळ स्वतःला सावरत असतो. मध्यरात्री कुणी नसताना लागत असेल तर भुताआधी सेन्सरच्या भिंगावर पाल आहे का बघा.