एका संत्र्याने बिघडवलेले गुणोत्तर

नागपुरात आंबिया बहराची संत्री आली की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. आईच्या मते तिच्या नेहमीच्या हातगाडीवाल्याची संत्री एकसारखी असतात आणि मी आणतो ती लहानमोठी निघतात. हा प्रश्न सरासरीचा नसून विखुरणीचा आहे, म्हणून या वेळी दोघांकडची दहा-दहा संत्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून तोलली.

आईच्या ढिगातली वजने ग्रॅममध्ये १३८, १४२, १४५, १४७, १४९, १५१, १५३, १५५, १५८ आणि १६२ भरली. माझ्या ढिगातली १३६, १४०, १४४, १४६, १४८, १५०, १५२, १५४, १५८ आणि १९०. प्रत्येक वजनाचे सरासरीपासूनचे अंतर काढून, त्यांच्या वर्गांच्या बेरजेला नऊने भागले (दहाने नव्हे, कारण सरासरीही त्याच नमुन्यातून काढलेली असते), तेव्हा प्रचरण (विखुरणीचे माप) अनुक्रमे ५४ आणि २२२.६ आले. या दोहोंचे गुणोत्तर, ज्याला संख्याशास्त्रज्ञ स्नेडेकर यांनी आपल्याच क्षेत्रातल्या फिशर यांच्या सन्मानार्थ ‘एफ’ म्हटले, ४.१२ भरले. दहा-दहाच्या नमुन्यांसाठी पाच टक्के पातळीवरची द्विपुच्छ मर्यादा ४.०३ आहे; म्हणजे दोन्ही ढिगांची विखुरण मुळात सारखी असती, तर कोणत्याही बाजूने इतका मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचच वेळा दिसला असता. आई जिंकली, आणि तिने तसे जाहीरही केले.

मला मात्र ते साल सुटलेले, देठाशी फुगलेले १९० ग्रॅमचे संत्रे खुपत होते. माझ्या ढिगातल्या वर्गांच्या २००४ या बेरजेपैकी १४५९ त्या एकट्याचे होते. ते वगळले तर उरलेल्या नऊंचे प्रचरण ४७.८ येते, म्हणजे आईच्या ढिगापेक्षाही कमी. अर्थात, नको असलेले फळ उचलून बाजूला ठेवणे ही लबाडीच झाली. खरी अडचण अशी की एफ-चाचणी, म्हणजे या गुणोत्तरावरून निकाल देण्याची रीत, वजने प्रसामान्य वितरणातली (मधे दाटी आणि दोन्हीकडे सारखी उतरण असलेल्या घंटेच्या आकाराची) आहेत असे गृहीत धरते आणि ते गृहीतक ढळले की तिचा निकाल फसवा ठरू शकतो. संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्ये हा दोष ठळकपणे दाखवला होता.

लेव्हीन यांनी १९६० मध्ये सुचवलेली आणि ब्राउन व फोर्सिथ यांनी १९७४ मध्ये सुधारलेली चाचणी वर्ग न करता मध्यकापासूनची (चढत्या क्रमातल्या मधल्या मूल्यापासूनची) नुसती अंतरे घेते आणि त्यांच्या सरासरींची तुलना करते. इथे त्या सरासरी ५.८ आणि ९ आल्या. चाचणीचे मूल्य ०.६५, तर पाच टक्के पातळीवरची मर्यादा ४.४१; म्हणजे मूल्य मर्यादेच्या बरेच खाली राहिले. दोन्ही ढीग सारखेच विखुरलेले आहेत, असे यावरून म्हणता येत नाही. दहा-दहा फळांत फरक सिद्ध झाला नाही, इतकेच.

आईला हे पटलेले नाही. पुढच्या रविवारी चाळीस-चाळीस संत्री तोलायची आहेत.