आमची पाच मिनिटं

आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे असं सगळेच म्हणतात आणि शेवटी ते काम येतं माझ्याच गळ्यात, सेक्रेटरी झालं की हे असंच. तर स्वागत, प्रास्ताविक, अहवालवाचन, जमाखर्च, अध्यक्षांचं मनोगत हे सगळं रीतसर पार पडलं, दरवर्षी पडतं. त्यावर एक ओळसुद्धा जास्त लिहिणार नाही.

मी तिथे ज्यासाठी जातो तो भाग दुपारनंतरचा. परदेशी भाषेतलं आपलं आवडतं एक पुस्तक नाहीतर एक सिनेमा घ्यायचा आणि त्यावर पाच मिनिटं बोलायचं. नियम दोनच, अख्खी गोष्ट सांगत बसायचं नाही आणि ‘अप्रतिम’ हा शब्द वापरायचा नाही. दुसरा नियम मोडला की घंटा वाजते, पहिला मोडला की लोक आपोआपच चुळबुळ करतात. आमच्यात वाचलेले-पाहिलेले लोक बरेच आहेत, कॅमेरा, नववास्तववाद, जादुई वास्तववाद वगैरे छान बोलतात, मी नोट्सही घेतो आणि घरी जाईपर्यंत विसरतो. पण एखादा माणूस उठतो, कागद नाही, पाठांतर नाही, आणि सिनेमातली एवढीशी जागा धरून बोलायला लागतो तेव्हा माझं काही खरं नसतं, गळा दाटतो आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारायचं असतं ते राहून जातं.

आमच्या खजिनदार काकांचंच बघा ना. वर्षानुवर्षं फक्त हिशोब वाचून दाखवायचे. एका वर्षी स्वतःहून नाव दिलं आणि विषय काय तर जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा सिनेमा ‘इकिरू’, १९५२ सालचा. आम्हाला वाटलं आता कॅन्सर झालेला म्हातारा, मरणाआधी जगायला शिकतो, बागेतला झोपाळा, बर्फ, असं सगळं येणार. काका झोपाळ्यापर्यंत गेलेच नाहीत. ते बोलले ते सुरुवातीच्या भागावर, वस्तीतल्या बायका सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात, त्यांना या खात्यातून त्या खात्यात फिरवतात आणि फिरून फिरून त्या परत पहिल्याच खिडकीशी येतात, तो. काका म्हणाले, “सगळे जण त्या म्हाताऱ्या वातानाबेबद्दल बोलतात. मी नोकरीभर त्या पहिल्या खिडकीत बसलो होतो.” मग थोडं थांबले आणि म्हणाले की सिनेमा संपायला खूप वेळ असतानाच तो माणूस मरतो, मग तेराव्याला जमल्यासारखे ऑफिसातले लोक जमतात, दारू पिऊन रडतात, आम्ही पण आता असंच काम करणार म्हणून शपथा घेतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुन्हा तेच ते. “तो भाग मला जास्त खरा वाटला,” एवढं बोलून खाली बसले. पाच मिनिटं काय, तीनसुद्धा झाली नव्हती. मागच्या रांगेतल्या एका अभ्यासू सद्गृहस्थांनी लगेच अस्तित्ववाद काढला, त्यांना मी अजून पुरतं माफ केलेलं नाही.

दुसरी आठवण शाळकरी मुलीची, आमच्या एका सभासद ताईंची भाची. तिने घेतला होता किआरोस्तामीचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस’, इराणचा, १९८७ चा. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आलीय, उद्या वहीत गृहपाठ नसेल तर मास्तर त्याला शाळेतून काढतील, हे अहमद आईला परत परत सांगतो आणि आई परत परत म्हणते की आधी तुझा गृहपाठ कर. त्या मुलीने ते दोघांचं बोलणं एकटीने करून दाखवलं, एकदा अहमद, एकदा आई, आवाज न बदलता नुसती मान इकडे तिकडे वळवून. आधी लोक हसले. मग हळूहळू हसणं बंद झालं, कारण हॉलमधल्या निम्म्या आया आणि बाप त्या आईच्या जागी होते ना! शेवट सांग म्हणून सगळे मागे लागले तर म्हणाली, “नियम आहे, गोष्ट सांगायची नाही.” घंटेवाल्या काकूंनी कौतुकाने घंटा वाजवली, नियमात बसत नसताना.

माझी स्वतःची आवड विचाराल तर जपानी दिग्दर्शक ओझू. ‘टोकियो स्टोरी’, १९५३. तो कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला ठेवतो, त्यामुळे आपणही त्या घरात बसलोय असं वाटतं. आमच्याकडचं एक जोडपं यावर चक्क भांडलं, स्टेजवर. काकांचं म्हणणं की मोठी मुलगी शिगे निर्दय आहे, आई-बापांना आतामी नावाच्या समुद्रकाठच्या गावी हॉटेलात पाठवून मोकळी होते आणि आई गेल्यावर तिचे कपडे आठवण म्हणून मागते. काकू म्हणाल्या की निर्दय नाही हो, ती पार्लर चालवते, तिला वेळ नाही, आणि कपडे मागितले तर काय झालं, मी पण मागितले होते. हॉल दोन गटांत फुटला. विधवा सून नोरिकोबद्दल मात्र दोघांचं एकमत, तसं ते सगळ्यांचंच असतं, नोरिको झालेली नटी सेत्सुको हारा हसली की वाद संपतो.

आता तक्रार. लोक येत नाहीत. म्हणजे येतात, पण कधी येतात? ‘पॅरासाईट’ या कोरियन सिनेमाला ऑस्कर मिळाल्यानंतर जो मेळावा झाला त्यात उभं राहायला जागा नव्हती, आणि ज्या वर्षी आम्ही ‘जान दिलमान’ लावला, शंताल आकरमानचा, १९७५ चा, २०१ मिनिटांचा, तेव्हा मध्यंतरानंतर मोजके लोक उरले. आणि २०२२ मध्ये आजवरचा सर्वोत्तम सिनेमा कोणता यावरच्या समीक्षकांच्या मोठ्या मतदानात तोच पहिला आला तेव्हा हेच लोक मला सांगायला लागले की आम्ही पाहिलाय बरं का. अहो, त्यातली गृहिणी बटाटे सोलायला बसते त्याच्या आधीच तुम्ही चपला घालून निघाला होतात! पण बसून राहिल्या त्या आमच्या सगळ्यात ज्येष्ठ सभासद आजी. त्या म्हणाल्या, “बटाटे जास्त शिजले तिथेच मला कळलं, हिचं काहीतरी बिनसलंय.” बटाट्यांचं भांडं हातात घेऊन ती बाई या खोलीतून त्या खोलीत जाते, ते बटाटे टाकायचे कुठे हेच तिला सुचत नाही, हे आजींनी उभं राहून चालून दाखवलं. समीक्षकांनी या सिनेमावर काय काय लिहिलंय, मला आजींचं वाक्य पुरेसं आहे.

बरं, आभार राहिले तर माझी खैर नाही. हॉलची किल्ली वेळेवर आणणारे दादा, प्रोजेक्टरची वायर दरवर्षी कुठून तरी पैदा करणारा मुलगा, रात्र रात्र बसून सबटायटल आवाजाशी जुळवणारी त्याची बहीण (फारसीची फाईल दीड सेकंद मागे होती, तिने ती एकटीने ठीक केली, हे कोणाला माहीतसुद्धा नाही), खिडक्यांना काळे पडदे लावणारे दोघं भाऊ, खुर्च्या लावणारे सगळे आणि खुर्च्या परत ठेवायला थांबणारे त्याहून कमी, त्यांचे जास्त आभार. फळ्यावर नावं सुंदर अक्षरात लिहिणाऱ्या बाई, त्यात पोलिश दिग्दर्शकांची नावंही न अडखळता लिहितात. घंटेवाल्या काकू आल्याच. फोटो काढणारा, ज्याचा स्वतःचा एकही फोटो नाही. माईक धरून पळणारी छोटी पोरं. कोणी राहिलं असेल तर फोन करा, रागावू नका, पुढच्या अहवालात पहिलं नाव तुमचं.

हो, आणि ते काका राहिले, जे दरवर्षी पुलंनी केलेला हेमिंग्वेचा अनुवाद ‘एका कोळियाने’ घेऊन येतात. दरवर्षी तेच पुस्तक. आणि म्हाताऱ्याबद्दल, माशाबद्दल चकार शब्द नाही, बोलतात फक्त त्या पोराबद्दल, जो म्हाताऱ्याच्या हातांकडे बघतो आणि रडायला लागतो. नवीन सभासद कुजबुजतात की यांना दुसरं काही येत नाही का. मी त्यांचं नाव मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण त्यांच्यानंतर मला माईकवर बोलता येत नाही आणि आभार उपाध्यक्षांना मानावे लागतात. पुढच्या वर्षीसाठी त्यांनी विषय आत्ताच कळवलाय, मी विचारलंसुद्धा नाही कुठला ते.