परतीची ‘तर’ आधी बघ : आईसोबत बुनेसच्या किनाऱ्यावर

माझी आई दाभोळची. तिच्या लहानपणी खाडीपलीकडे धोपाव्याला जायला लहान होडी असायची, तिला तिकडे ‘तर’ म्हणतात. शेवटची तर चुकली की रात्र पलीकडच्या नातेवाइकांकडे काढायची. त्यामुळे कुठेही निघताना ‘परत कसं यायचं ते आधी बघ, मग पायात चप्पल घाल’ हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलेय. गेल्या जूनमध्ये उत्तर नॉर्वेतल्या एका किनाऱ्यावर जायची आखणी करताना हे वाक्य मला नकाशापेक्षाही जास्त उपयोगी पडलं.

मी नॉर्वेतल्याच ट्रॉन्डहाइम शहरात नोकरीला आहे. आई दोन महिन्यांसाठी आली होती. माझ्या एका सहकाऱ्याच्या भिंतीवर उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांमधल्या बुनेस किनाऱ्याचा फोटो आहे, तो तिने पाहिला. तिन्ही बाजूंनी काळे कडे, मध्ये पांढरी रुंद वाळू आणि समोर उघडा समुद्र. ‘इथे माणसाला जाता येतं का गं?’ तिने विचारलं. येतं, म्हटलं. पण तिचं वय चौसष्ट, उजवा गुडघा अधूनमधून दुखणारा, आणि बुनेसला गाडीरस्ता नाही. मॉस्केनेसया बेटावरच्या राइन गावातून छोट्या बोटीने राइनेफ्योर्डमधून (फ्योर्ड म्हणजे कड्यांमधून आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा) विन्डस्टाड या वस्तीला जायचं, तिथून चालत खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं. अंतर एका बाजूने सुमारे तीन किलोमीटर, खिंडीची उंची शंभर मीटरच्याही आत. आकडे सोपे दिसतात. अवघड आहे ती बोट. दिवसात मोजक्या फेऱ्या, आणि परतीची गेली की त्या जेट्टीवरून राइनला यायला दुसरा रस्ता नाही.

म्हणून आम्ही आखणी शेवटाकडून सुरू केली. आधी परतीची बोट ठरवायची, मग तिथून मागे मागे येत सकाळ ठरवायची.

आणि पहिल्याच पायरीवर मी चुकले. वेळापत्रकात दुपारची एक बोट आम्हाला अगदी हवी तशी होती. तिच्यापुढे बारीक अक्षरांत ‘डीएक्स६७’ असं लिहिलेलं होतं. बोटीचा क्रमांक असेल असं समजून मी शनिवारचा बेत पक्का केला, आईलाही सांगून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत सहज सहकाऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, ही बोट शनिवारी नसते. नॉर्वेच्या वेळापत्रकांत वारांना आकडे असतात, सोमवार १ ते रविवार ७. ‘डी’ म्हणजे रोज, ‘एक्स’ म्हणजे वगळून. सहा आणि सात वगळून रोज. म्हणजे शनिवारी आम्ही ज्या बोटीची वाट बघत जेट्टीवर बसलो असतो, ती आलीच नसती. त्या रात्री मला झोप लागली नाही. चौसष्ट वर्षांच्या बाईला घेऊन मी कुठे अडकले असते, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं. तेव्हापासून मी वेळापत्रकातल्या तळटिपा आधी वाचते, वेळा नंतर. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकंही वेगळी असतात आणि ती कधी बदलतात याची तारीख त्याच कागदावर असते. सणाच्या सुट्टीला बहुधा रविवारच्या फेऱ्या. हे सगळं त्याच्याकडूनच कळलं.

बेत सोमवारवर ढकलला आणि राइनमध्ये चार रात्री राहायचं ठरवलं. एका दिवसाच्या चालीसाठी चार रात्री, हे आईला फार वाटलं. मी अडून बसले. तिकडचं हवामान आपल्या सुट्टीकडे बघून वागत नाही. एकच दिवस हाताशी ठेवला की वाईट हवेतही माणूस निघतो, कारण एवढ्या लांब आलोय ही टोचणी असते.

मग चालण्याचा हिशेब. नकाशावर, माहितीत लिहिलेला तास-सव्वातास हा सवयीच्या माणसाचा. आईचा वेग मला तिच्या पायांनीच मोजायचा होता. ट्रॉन्डहाइमच्या कडेला ब्यूमार्का नावाचं जंगल आहे, तिथे आम्ही दोन रविवार तेवढंच अंतर आणि साधारण तेवढाच चढ चाललो. पहिल्या रविवारी ती उतारावर थांबली. चढावर नाही, उतारावर. गुडघा तिथे बोलतो. दुसऱ्या रविवारी हातात दोन काठ्या दिल्या तेव्हा ती सावकाश पण न थांबता उतरली. एका बाजूला दीड तास, असा आमचा आकडा ठरला. तो मी वहीत असा मांडला : साडेदहाला जेट्टीवर उतरायचं, बाराला किनारा, दीडला परत फिरायचं, तीनला जेट्टी, साडेतीनची बोट. मधला शिल्लक अर्धा तास कशालाही वापरायचा नाही. आणि दीड वाजता जिथे असू तिथून मागे वळायचं, किनारा दिसत असला तरी.

ही शेवटची अट घालायला मला नॉर्वेच्या लोकांनी शिकवलं. इथे डोंगरात जाण्याचे नऊ नियम आहेत, शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात. पहिला : सहल आखा आणि कुठल्या वाटेने जाताय ते कुणाला तरी सांगून जा. आठवा : वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. आपल्याकडे सह्याद्रीत दर पावसाळ्यात ज्या बातम्या येतात त्या वाचताना हा आठवा नियम मला आठवतो. गड अर्ध्यावर सोडून आलेल्या माणसाला आपण चिडवतो. ते आपण बंद करायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

जूनच्या अखेरीला तिथे सूर्य मावळतच नाही, आणि ‘अंधार पडत नाही म्हणजे भीती नाही’ असं आधी मलाही वाटलं होतं. पण अंधार हा उशीर झाल्याचा इशाराही असतो. तिथे तो मिळतच नाही. दुपारचे दोन आणि संध्याकाळचे सात सारखेच उजळ दिसतात. म्हणून मोबाइलवर तीन गजर लावले : एक, सव्वा, दीड.

सामान थोडं होतं. अंगालगत लोकरीचे पातळ कपडे, सुती काहीही नाही. सुती एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, टोपी, हातमोजे, जून असला तरी. मोज्यांचा एक जास्तीचा जोड. मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून घेतला आणि कागदी नकाशाही ठेवला, कारण कड्यांच्या आड रेंजचा भरवसा नाही. दशम्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा.

ट्रॉन्डहाइम ते बोडो हा रेल्वेमार्ग ७२९ किलोमीटरचा, जवळजवळ दहा तासांचा. वाटेत साल्टफ्येल्लेटच्या ओसाड पठारावर गाडी उत्तर ध्रुववृत्त ओलांडते. आई खिडकीला नाक लावून बसली होती. बोडोहून मोठी फेरीबोट साडेतीन-चार तासांत मॉस्केनेसला पोचते आणि तिथून राइन पाचेक किलोमीटर.

सोमवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. पाऊस शून्य. पण यीआर, म्हणजे तिथलं हवामानाचं संकेतस्थळ, वाऱ्याला सेकंदाला तेरा मीटर सांगत होतं आणि झोत एकोणीसचे. इथे वारा मीटर प्रति सेकंदात देतात, आपल्याला त्याचा अंदाज येत नाही. ३.६ ने गुणलं की किलोमीटर कळतात : झोत जवळजवळ सत्तर किलोमीटरचे. शिवाय दोन डोंगरांमधल्या खिंडीत वारा दाबून जोरात वाहतो, आणि आम्हाला नेमकी खिंडच ओलांडायची होती. माझं मन तरी ‘जाऊन तर बघू’ म्हणत होतं. आई खिडकीशी उभी राहून फ्योर्डकडे बघत होती. ‘पाणी पांढरं झालंय,’ ती म्हणाली, ‘आज नको.’ तिने यीआर पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही बसने ‘ऑ’ नावाच्या गावी गेलो. नॉर्वेजियन मुळाक्षरांतलं शेवटचं अक्षर हेच गावाचं नाव, आणि ई-१० हा महामार्गही तिथेच संपतो. कॉड मासे सुकवायच्या उंच लाकडी मांडण्या रिकाम्या होत्या, मासे उतरवून झाले होते. पण वास राहिला होता. आईने डोळे मिटून श्वास घेतला. ‘आपल्या सुक्या बाजारात आल्यासारखं वाटलं,’ म्हणाली. इथे माशाला मीठ लावत नाहीत, फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवतात, हे ऐकून ती बराच वेळ त्या मांडण्यांच्या गाठी न्याहाळत होती.

मंगळवारी वारा पाच मीटरवर उतरला. घरमालकिणीला आम्ही कुठे जातोय आणि कुठल्या बोटीने परतणार ते चिठ्ठीवर लिहून दिलं. बोटीवर चढताना खलाशाने प्रत्येकाला परतीचं विचारून घेतलं. आम्ही अकरा जण होतो, आईने मोजले होते.

खाडी आणि फ्योर्ड यांतला फरक मला त्या अर्ध्या तासात कळला. आपल्या खाडीला काठ असतो, चिखल, कांदळवन, मग जमीन. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला. कडा सरळ पाण्यात उतरतो आणि पाण्याखालीही तसाच जातो. काठ असा नाहीच. बोट कड्याच्या इतकी जवळून गेली की खडकातून झिरपणाऱ्या पाण्याचे काळे ओघळ मोजता आले असते.

विन्डस्टाडची वाट आधी फ्योर्डच्या कडेने जाते, जुन्या घरांवरून. इथे पूर्वी वर्षभर माणसं राहायची, मुलं शाळेत जायची. रस्ता न आलेल्या गावांचं जे होतं ते या गावाचंही झालं. आता बहुतेक घरं उन्हाळ्यापुरती उघडतात. पुढे एक छोटी दफनभूमी लागते. आई तिथे थांबून हात जोडून पुढे गेली. मग चढ. तो लहान आहे, पण आदल्या आठवड्याच्या पावसाने ओला होता; काळी माती बुटाला धरत होती, मधल्या दगडांवर पातळ शेवाळं. मी पुढे आणि आई माझ्या पावलावर पाऊल ठेवत मागे. काठी आधी, मग दुखरा पाय, मग चांगला, उतारावर असंच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ब्यूमार्कात तिने स्वतः शोधलं होतं.

खिंडीत पोचलो तेव्हा समोरचं सगळं एकदम उघडलं. आई काही बोलली नाही. माझा दंड घट्ट धरला फक्त.

खाली उतरायला ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त लागली. वाळूवर पोचायच्या आधी गवताचा रुंद पट्टा आहे, त्यात मेंढ्या चरत होत्या. डावी-उजवीकडे कडे, त्यांतला हेल्वेटेस्टिन्डन सहाशे मीटरच्या वर. नावाचा अर्थ नरकाचं शिखर. किनारा एवढा मोठा की दूरची माणसं टिंबांसारखी. लाटा कोकणातल्या लाटांपेक्षा सावकाश येत होत्या आणि आवाज मात्र कड्यांवर आपटून दुप्पट होत होता. पोहायचा प्रश्नच नव्हता. पाणी गार, किनारा उघडा, मदत लांब. आईने बूट-मोजे काढले आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. मी वीस मोजायच्या आत बाहेर आले. ती तशीच उभी. मग वाकून ओली वाळू मुठीत घेतली, बोटांनी चोळली, म्हणाली, ‘शिंपल्यांचा चुरा आहे गं यात.’ खरंच होता, पांढरा, दाणेदार.

दशम्या खाताना पहिला गजर झाला. दुसरा झाला तेव्हा ती मोजे चढवत होती. ‘अजून पाच मिनिटं बस हवं तर,’ मीच म्हणाले. ती उठून काठ्या घेऊन चालू लागली.

तीनला पाच मिनिटं कमी असताना जेट्टीवर होतो. आईचा गुडघा सुजला होता थोडा, थर्मासच्या झाकणात गार पाणी घेऊन तिने रुमाल भिजवून वर ठेवला. मग ती माणसं मोजायला लागली. सकाळी अकरा होतो, आता नऊ. तिने पुन्हा मोजले. पाठीवर मोठ्या सॅक असलेलं एक तरुण जोडपं नव्हतं. बोट आली तरी ती चढेना. ‘दोघं राहिलीत, त्याला सांग.’ मी खलाशाला सांगितलं. त्याने खिशातली छोटी वही काढली, पान बघितलं आणि आईकडे वळून दोन बोटं दाखवली, मग गालाखाली हात ठेवून झोपल्याची खूण केली. ती दोघं तंबू घेऊन गेली होती, उद्याच्या बोटीने परतणार होती, आणि तसं सकाळीच सांगून गेली होती.

‘लिहून ठेवलंय त्याने,’ आई म्हणाली, आणि मग बोटीत पाय टाकला.