माटोळीखालचे भाषण

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या वाचक मंडळाचा मेळावा भरतो आणि त्यात कोणीतरी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, परंपरेवर बोलते, हा नेम मी बारा वर्षे चिटणीस असताना कधी मोडला नाही. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, शाल-श्रीफळ हे सारे यथासांग होते. बाहेरून येणारे वक्ते बहुधा टिळकांच्या १८९३ च्या सार्वजनिक गणेशोत्सवापासून सुरुवात करतात. त्यांचे चुकत नाही. परंतु आमची चवथ मूळ घरात भाऊबंदांनी जमून करायची, आणि तिची कथा पुण्याहून सुरू झाली की मला कसेसेच होते.

मी वाट पाहते ती आमच्यातल्या एका सासष्टीकर आजींच्या दहा मिनिटांची. ‘केळशीची शांतादुर्गा देवी जशी फोंड्यातल्या कवळ्याला आली, तशी मी सून होऊन इथे आले,’ असे म्हणून त्या उभ्या राहतात. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायासन, बसले, आधीच जोखमीचे झालेले मूर्तिपूजन जिवावर बेतू लागले, तेव्हा काही घराण्यांनी पत्रीचा (झाडांच्या पानांचा) किंवा कागदावरचा गणपती पुजायला घेतला. १८१२ साली ते न्यायासन उठले, तरी आजींच्या माहेरी अजूनही मातीची मूर्ती येत नाही. पेटीतला तो कागद वडील कसा उलगडत, हे त्या रिकाम्या हातांनी दाखवतात. त्या वेळी सभागृहात पंख्यांचाच काय तो आवाज असतो.

मग डोक्यावर टांगलेल्या माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर रानफळे बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीकडे, बोट दाखवून त्या आंबाडे, कांगलां, घागऱ्यो, माट्टी अशी त्यातली नावे मुलांकडून म्हणवून घेतात. एकाने विचारले, ‘आजी, हे बाजारात केवढ्याला?’ ‘आधी झाड बघून ये,’ आजी म्हणाल्या.

गेल्या वर्षी साठ खुर्च्यांपैकी छत्तीस रिकाम्या होत्या. व्हॉट्सॲपवर शुभेच्छा मात्र शंभरावर आल्या.

माटोळीची चौकट फुकट करून देणारे सुतारदादा, पावसात रानात जाऊन फळे आणणारे दोघे भाऊ, शिरा करणाऱ्या शेजारच्या काकी, घोरपडीऐवजी बकऱ्याच्या कातड्याने मढवलेल्या घुमट या मातीच्या वाद्यांवर आरती रंगवणारी मुले, ध्वनिक्षेपकवाले, सतरंज्या झटकणाऱ्या दोन वहिनी, आणि ऐन भाषणात वीज गेली तेव्हा जनरेटर ओढत आणणारे समोरचे दुकानदार, या सर्वांची मी ऋणी आहे. दुकानदारांचे नाव त्या वर्षीच्या अहवालात माझ्याकडून राहिले होते.