तुम्ही विचारलंत म्हणून: सिमवर घर चालतं का?

आमच्या घरात ना केबल, ना फायबर. सगळं नेट एका सिमकार्डावर. हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "अहो, पण त्यावर घर चालतं का?" आणि पाठोपाठ, "स्पीड किती मिळतो?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं मी सोडून दिलंय. पहाटे विचाराल तर फुशारकी मारेन, रात्री नऊला विचाराल तर विषय बदलेन. टॉवरची क्षमता आसपासच्या सगळ्यांत वाटली जाते, आणि रात्री सगळेच व्हिडिओ लावून बसतात. म्हणून आधी आठवडाभर रोज रात्री फोनच्या हॉटस्पॉटवर काम करून बघा, मग राउटर घ्या. (फोनलाच कायमचा राउटर मात्र करू नका. माझा जुना फोन रात्रंदिवस चार्जरला असायचा. बॅटरी फुगून त्याचं झाकण वर आलं.)

आता पहिला प्रश्न. चालतं. पण माझे पहिले दोन महिने वैतागात गेले, आणि चूक माझीच होती. राउटर ठेवला टीव्हीशेजारी, कारण तिथे तो बरा दिसत होता. सिग्नलच्या कांड्या भरलेल्या, तरी नेट रडतखडत. कांड्यांवर विसंबू नये, हे तेव्हा कळलं. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन आकडे असतात. आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर: उणे ८०च्या आसपास असला तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला की हाल. एसआयएनआर म्हणजे गोंगाटातून तो सिग्नल किती स्वच्छ ऐकू येतो. हा २०च्या वर गेला तर चैन. शून्याजवळ आला की जोर कितीही असो, उपयोग नाही. एका रविवारी मी पाणाड्यासारखा राउटर हातात धरून घरभर फिरलो. टीव्हीशेजारी एसआयएनआर होता ४. मागच्या खोलीच्या खिडकीत १७. तेच सिम, तोच प्लॅन!

५जीचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका, हेही जाता जाता सांगतो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात. ५जीचा खरा वेग बहुतेकदा ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास असतो, आणि तो भिंतीपाशीच अडतो. उष्णता अडवणारी धातूचा मुलामा दिलेली काच असेल, तर खिडकीही भिंतच.

एक कोडं मला फार दिवस छळत होतं. व्हिडिओ कॉलवर मला सगळे स्वच्छ दिसायचे, त्यांच्याकडे मात्र माझा चेहरा भलत्याच आविर्भावात गोठलेला. टॉवर बोलतो कितीतरी वॅटच्या ताकदीने. आपलं यंत्र साधारणपणे जास्तीत जास्त ०.२ वॅटने. त्याची हाक आपल्यापर्यंत येते, आपली कुजबुज त्याच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय बरेच बँड (म्हणजे लहरींचे पट्टे) अपलोडला वेळच कमी देतात. राउटर खिडकीत गेल्यावर सगळ्यात जास्त सुधारलं ते हेच.

काही गोष्टी खिडकीनेही सुटत नाहीत. मोबाइल नेटवर्कवर बहुधा एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घराचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे घरातल्या कॅमेऱ्याशी किंवा सर्व्हरशी बाहेरून थेट जोडता येत नाही. मी त्यासाठी व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे घरातूनच बाहेर नेलेली खासगी जोडणी, काढलाय. गेम खेळणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. नुसता वेग असून भागत नाही, पिंग (समोरून उत्तर यायला लागणारा वेळ) स्थिर लागतं, आणि इथे ते क्षणाक्षणाला उड्या मारतं. आणि डेटा मोजून मिळत असेल, तर एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबीपर्यंत जातात हे लक्षात ठेवा, आणि लॅपटॉपमध्ये हे कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा मोजून मिळणारं) करून टाका. नाहीतर अपडेट गुपचूप सगळं गिळतं.

मागच्या खिडकीत पूर्वी एक कुंडी होती. ती आता टीव्हीशेजारी असते. उन्हाविना जरा सुकलीय.